चष्म्याने सगळे बरे होते म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला अल्बिनिझमवरचा, म्हणजे जन्मतःच रंगद्रव्य कमी असण्यावरचा लेख वाचला. विषय घेतलात, त्याबद्दल आभार. पण ‘योग्य नंबरचा चष्मा लावला की ही मुले इतरांसारखीच पाहू शकतात’ हे कोणाला विचारून छापले? माझा मुलगा दहावीत आहे. चष्मा बालवाडीपासून. त्याने नंबर भागतो, नजर येत नाही. रंगद्रव्याच्या कमतरतेमुळे डोळ्यातल्या पडद्याच्या मधोमधचा, बारीक अक्षर टिपणारा भागच आईच्या पोटात नीट घडत नाही. तिथे काच काय करणार? सोबतच्या फोटोतले ते लालभडक डोळे कुठून आणलेत, देव जाणे. माझ्या मुलाचे घारे आहेत, बहुतेकांचे निळे, घारे नाहीतर तपकिरीच असतात.

अशा लेखांचा त्रास कसा होतो ते सांगते. या मुलांचे डोळे आपोआप डुलत राहतात. मान एका बाजूला वळवली की अनेकांचे डुलणे मंदावते आणि अक्षर जरा ठरते. माझा मुलगा तोंड डावीकडे करतो, नजर मात्र समोरच्या कागदावर. सहामाहीच्या परीक्षेत बाईंना वाटले, शेजाऱ्याच्या पेपरात बघतोय. ‘मान सरळ कर!’ मान सरळ केली की ओळी हलतात, हे तो सांगेपर्यंत त्याला उचलून पहिल्या बाकावर बसवले, तेही पश्चिमेच्या खिडकीशी. दुपारचे सत्र, ऑक्टोबरमधले आपले सोलापुरी ऊन! बुबुळात रंग नसला की उजेड अडतच नाही, थेट आत घुसतो. त्याने टोपी घातली, तर ‘वर्गात टोपी चालणार नाही.’ भूमितीचा अर्धा पेपर कोरा. मी भेटायला गेले, तर मुख्याध्यापक म्हणाले, ‘ताई, एकदा चष्मा बदलून बघा ना.’ तेही तुमची पुरवणी नेमाने वाचत असावेत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी आहे. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ च्या (इतरांना १८ मीटरवरून दिसते ते ६ मीटरवरून दिसणे) खाली असेल, तर मूल त्यात बसते. जादा वेळ, लेखनिक मागता येतो. एवढ्या लांबलचक लेखात याला एक ओळ मिळाली नाही. गाजराच्या रसाला मात्र चौकट! आणि काही मुलांची कातडी, केस चारचौघांसारखेच असतात, दोष फक्त डोळ्यांत. त्यांच्यावर तर ‘नाटकं करतो’ हाच शिक्का बसतो.

पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी, ही विनंती.

ता. क. शेवटच्या पानावरचे शब्दकोडे दिवाळीपासून निम्मे केलेत. मुलगा भिंग लावून रोज सोडवायचा. आता भिंगातूनही चौकटीतले आकडे लागत नाहीत. शेजारी क्लासच्या जाहिरातीला मात्र अर्धे पान आहे.

एक वाचक,
जुळे सोलापूर