रविवारचा स्वयंपाक

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल जपानहून फोनवर म्हणालीस, कोन्बिनीतलं, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातलं तयार, खाऊन कंटाळलेय, रविवारीच आठवड्याचे बेन्तो, म्हणजे जेवणाचे डबे, भरून ठेवते. भरून ठेवू नकोस गं. पदार्थ करून ठेव आणि डबा रोज सकाळी भर. तिथले लोक ‘त्सुकुरिओकी’ म्हणतात ते एवढंच.

टोकियोत निशिकासाईला राहायचो तेव्हा तू योचिएनमध्ये, म्हणजे बालवाडीत, होतीस. आई सकाळीच तोझाई लाइनची मेट्रो पकडायची, त्यामुळे डब्याचं काम माझ्या गळ्यात. पहिल्याच जूनमध्ये, ऐन त्सुयूत, म्हणजे तिथल्या पावसाळ्यात, मी वाफाळता भात भरला आणि लगेच झाकण दाबलं. झाकणाला आतून पाण्याचे थेंब लटकलेले, ते सगळे भातात. संध्याकाळी डबा न खाता परत आला. उघडला तर आंबूस वास, बटाट्याच्या भाजीला तार. सोबत बाईंची चिठ्ठी: भात गार करून भरावा. आईने ती आठवडाभर फ्रीजवर लावून ठेवली होती. मुद्दाम.

तर, भात गरम असतानाच एका वेळेपुरता रॅपमध्ये चपटा गुंडाळून फ्रीजरमध्ये टाक. सकाळी मायक्रोवेव्हमध्ये चांगली वाफ येईस्तोवर तापव, ताटात पसर, पंख्याने वारा घाल. हात लावून बघ, कोमट लागला तरी थांब. घरी गोठवलेलं कुठलंच तसंच डब्यात टाकायचं नाही, आधी कडकडीत तापवायचं, मग गार करायचं. बटाटा गोठवू नकोस, स्पंज होतो.

किन्पिरा, ती परतलेली भाजी, रविवारी कर. गोबो (ते लांब मूळ) आणि गाजराच्या काड्या तिळाच्या तेलात परतायच्या, शोयू (सोया सॉस) आणि मिरिन (स्वयंपाकाची गोड वाइन) घालून रस पार आटवायचा. कोरडी झाली की फ्रीजमध्ये तीन दिवस निघतात. घेताना चमचा कोरडा हवा, आजीच्या लोणच्याच्या बरणीचा नियम. तामागोयाकी, म्हणजे अंड्याची गुंडाळी, मात्र त्याच दिवशी सकाळी, मधे ओलसर न ठेवता. उकडलेल्या पालकाला पाणी सुटतं, म्हणून पिळून घे आणि खाली कुटलेले तीळ पसर, ते पाणी पितात. आपण काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट घालतो ना, तसंच. तीळ नसले तर कूटच घाल, मी घालायचो.

भाताच्या मधोमध उमेबोशी, म्हणजे ते खारवलेलं आंबट फळ, ठेवली की सगळा डबा टिकतो, यावर मी बरेच दिवस निर्धास्त होतो. ती राखते फक्त तिला चिकटलेला घास.

डबा ६०० मिलीचा घे. नीट गच्च भरला तर साधारण तेवढ्याच कॅलरी होतात असा तिथला हिशेब आहे, तुला पुरेल. सैल भरलास तर ट्रेनमध्ये सगळा एका कोपऱ्यात जमा होतो.

माळा आवरताना तुझा सशाचा पिवळा डबा सापडला. झाकणाचं रबर गेलंय, नाहीतर पाठवला असता. कूट पाठवतोय, अर्धा किलो, ताजं भाजून.

तुझा,
बाबा