कुणाच्याच हद्दीत नसलेलं पाणी

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "दर रविवारी दोन पोती कचरा उचलतेस, त्यानं समुद्र स्वच्छ होतो का?" मी गप्प बसले, कारण या प्रश्नाचं उत्तर मला घाईत द्यायचं नव्हतं.

नाही होत, बाबा. किनाऱ्यावर येतो तो कचरा त्यातला थोडासाच. खोल पाण्यात तुटून पडलेली नायलॉनची जाळी ओढायला कुणी नसतानाही वर्षानुवर्षं मासे, कासवं अडकवत राहतात. तिथे माझा हात पोचत नाही.

तरी मी जाते, ते आईमुळे. आई, पाण्यात पाय घालण्याआधी तू वाकून ओंजळीतलं पाणी डोळ्यांना लावतेस. लहानपणी मला वाटायचं, तू काहीतरी मागतेस. विचारलं तर म्हणालीस, "मागत नाही गं. आपले पाय लागणार, म्हणून आधी माफी." ते वाक्य मनातून गेलं नाही. ज्याची माफी मागायची त्याच्याच अंगावर घाण टाकायची, हे कसं चालेल?

शिवाय त्या ओंजळीत कितीतरी जीव असतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. पृथ्वीवर तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे निम्मा समुद्रातले असे जीवच तयार करतात. माणसानं वाढवलेल्या उष्णतेतली ९० टक्क्यांहून जास्त उष्णता समुद्रानं पोटात घेतली आहे. न दिसणाऱ्याच्या जिवावर आपण जगतो, हे तू मला विज्ञानाच्या पुस्तकाआधी शिकवलंस.

श्रद्धेनं खरंच काही बदलतं का, असं बाबा विचारतील. पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार द्वीपसमूहातल्या मिसाली बेटाभोवती काही कोळी सुरुंग लावून मासे मारायचे. प्रवाळाचा चुरा व्हायचा. सरकारी बंदीला फारसं कुणी जुमानत नव्हतं. मग तिथल्या धर्मगुरूंनी सांगायला सुरुवात केली, की कुराणाप्रमाणे माणूस सृष्टीचा मालक नाही, राखणदार आहे. जे कायद्याला बधले नव्हते त्यातल्या अनेकांनी हे ऐकलं.

पण नुसत्या श्रद्धेवर भागत नाही, आणि इथे मला तुम्ही आठवता, बाबा. ताप असतानाही मतदानाला गेलेले तुम्ही. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत त्या त्या देशाचा हक्क. त्यापलीकडे जवळजवळ दोन तृतीयांश समुद्र उरतो, आणि तो कुणाच्याच हद्दीत नाही. जे कुणाचंच नाही ते ओरबाडायला सगळे पुढे, राखायला कुणी नाही. १९६७ मध्ये माल्टासारख्या चिमुकल्या देशाचे राजदूत आर्विद पार्दो संयुक्त राष्ट्रांत उभे राहिले आणि म्हणाले, समुद्राचा तळ हा साऱ्या मानवजातीचा सामाईक वारसा माना. त्यातून पुढे १९८२ चा सागरी कायद्याचा करार झाला. त्याचं १९२ वं कलम अगदी छोटं आहे: समुद्री पर्यावरणाचं रक्षण करणं हे देशांचं कर्तव्य. कर्तव्य हा शब्द तुम्हाला आवडेल.

खुल्या समुद्रातल्या जीवसृष्टीसाठी वेगळा करार व्हायला मात्र २०२३ उजाडलं. १७ जानेवारी २०२६ पासून तो लागू झाला. आता तिथे राखीव क्षेत्रं ठरवता येतील. देशांचं एकमत झालं नाही, तर तीन चतुर्थांश मतांनी. म्हणजे तिथेही मतदान आहे, बाबा! करारात सामील झालेल्या देशाचं सरकारच तिथे आपल्या लोकांच्या वतीनं हात वर करू शकतं, आणि आपण सांगितल्याशिवाय आपलं म्हणणं आपल्या सरकारला कसं कळणार?

म्हणून आपल्या लोकप्रतिनिधींना लिहिलेल्या निवेदनाचा मसुदा सोबत जोडते आहे. तुमच्या लाल पेनानं तपासून द्या. माझी वाक्यं लांबतात, ती कापा. खाली तिघांच्या सह्यांसाठी जागा सोडली आहे. आणि आई, तुझं ते माफीचं वाक्य मी सुरुवातीलाच घातलंय. बाबा ते कापायला लागले, तर कापू देऊ नकोस.

तुमची,
छोटी