बाबांसाठी टेनिसन

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा इंग्लंडमधल्या लिंकन शहरात कवी टेनिसन मिळाला. सगळ्या कविता एकाच जाडजूड खंडात, मॅकमिलनने छापलेला. कॅथेड्रलकडे जाणाऱ्या चढावर जुन्या पुस्तकांचं दुकान आहे, तिथे खालच्या फळीवर होता. बांधणी खिळखिळी झालीय. अक्षर बारीक, पानाला दोन रकाने. मोतीबिंदू काढला असला तरी तुम्हाला ते वाचवणार नाही. त्यावर उपाय शोधलाय.

आधी अर्थातच ‘लाइट ब्रिगेड’, ती घोडदळाच्या हल्ल्याची कविता, काढली. वर्गात टेबलावर बोटांनी टापा वाजवत तुम्ही ती म्हणायचात. पण रात्री वाचत बसले ते ‘इन मेमोरियम’, मित्राच्या मृत्यूवरची त्याची दीर्घ कविता. आर्थर हॅलम, केंब्रिजचा जिवलग मित्र, टेनिसनच्या बहिणीशी लग्न ठरलेलं. 1833 मध्ये व्हिएन्नात अचानक गेला, अवघ्या 22 व्या वर्षी. टेनिसन त्याच्यासाठी लिहीतच राहिला आणि 1850 मध्ये छापलं तेव्हा स्वतःचं नावही घातलं नाही. पुढे मुलाचं नाव मात्र हॅलम ठेवलं.

त्यात तीन नाताळ येतात. तिन्ही वेळा ओळ जवळपास तीच, एकच शब्द बदलतो. पहिली नाताळची संध्याकाळ दुःखात उतरते, दुसरी शांतपणे, तिसरी परक्यासारखी. कारण तोवर घर सुटलंय आणि वडिलांची कबर मागे दुसऱ्या गावात राहिलीय. पहिल्या नाताळात सगळे उसनं हसू आणून खेळतात, आणि मग गेल्या वर्षी त्याच्यासोबत म्हटलेलं गाणं डोळे भरलेले असताना म्हणतात. तिथे मी पुस्तक मिटलं. काका गेल्यावरची आपली पहिली दिवाळी आठवली. कंदील माळ्यावरच राहिला, आणि फोनवर तुम्ही फक्त इथल्या थंडीची चौकशी केलीत.

बाबा, सावरा म्हणून हे लिहीत नाही. टेनिसनला सतरा वर्षं लागली. तुम्हाला लागतील तेवढी लागू देत. पण काकांचं नाव घरात घेत जा, आईजवळ तरी.

प्रत्येक भागाच्या आकड्याशेजारी कुणीतरी पेन्सिलने बारीक टिंब दिलंय. रोज एक वाचत असावं. बहात्तराव्यानंतर टिंबं नाहीत. दुसरा नाताळ अठ्ठ्याहत्तराव्या भागात आहे, तिथवर ते माणूस पोचलंच नाही. का, ते कळायला मार्ग नाही, पण मला फार चुटपुट लागून राहिलीय.

तर उपाय असा: दर रविवारी, तुमची जेवणं उरकल्यावर, मी फोनवर दोन-तीन भाग वाचून दाखवीन. एकूण 131 आहेत, म्हणजे वर्षभर पुरतील. अडेल तिथे तुम्ही अर्थ सांगायचा, पूर्वीसारखा. आई, फोन स्पीकरवर ठेव आणि तूही बस. तुला इंग्रजी अवघड जाईल तिथे बाबा मराठीत सांगतील. त्र्याहत्तराव्यापासून पुढची टिंबं मी देईन.

पुस्तक मे महिन्यात येताना आणते.

तुमची,
ताई