शमे, रुफस आलाय

सिॲटल
१४ एप्रिल

प्रिय शमे,

गुडघा तसाच, यांचा बीपी गोळीवर. तब्येतीचं झालं.

आता खरं सांगते. रुफस हमिंगबर्ड आला आणि आल्या आल्या त्याने माझ्या ॲनाला, म्हणजे ॲना जातीच्या हमिंगबर्डच्या नराला, साखरपाण्याच्या फीडरवरून हाकलून लावलं. घरात हे बोलायची सोय नाही. ‘दुसरा फीडर लाव’ म्हणतात आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं.

ॲना तू व्हिडिओत पाहिलायस. ‘हा तर काळाच आहे’ म्हणाली होतीस. अगं, उन्हाकडे तोंड केलं की डोकं आणि गळा राणी रंगात पेटतो, मान वळली की विझला! हा मूळचा कॅलिफोर्नियाकडचा. लोकांच्या बागा नि फीडर यांच्या आधाराने सरकत सरकत इथवर आला आणि बारमाही राहिला. जीव चार-साडेचार ग्रॅमचा. कडक थंडीत रात्री अंगाची ऊब उतरवून निपचित पडतो, उजाडलं की भुकेला हजर. म्हणून हिवाळाभर मी रात्री फीडर घरात घेते, पहाटे अंधारात बाहेर टांगते. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी, रंगबिंग काही नाही. स्वतःचा चहा राहिला असेल, याचं पाणी नाही.

आणि हा रुफस! ॲनापेक्षा लहान, साडेतीन ग्रॅमही भरणार नाही. पाठ विटकरी, गळा घासलेल्या तांब्याच्या लोट्यासारखा. मेक्सिकोत हिवाळा काढून येतो. यांच्यातले काही थेट अलास्का गाठतात. उडताना पंखांची बारीक किणकिण, ती ऐकू आली की ॲना बिचारा गाणं अर्धं टाकून पळतो. (गाणं म्हणजे खरखर, पण निदान गातो. रुफसला तेही येत नाही.)

पाषाणला शिंजिरांच्या माद्यांवरून आपण आठवडाभर बोलत नव्हतो, आठवतं? गळा पांढरट की पिवळा! पांढरटच होता, शमे. इथेही घोळ माद्यांचाच. दोघींची पाठ हिरवी. पण रुफसच्या मादीच्या कुशीला आणि शेपटीच्या बुडाशी तांबूस झाक. ॲनाची मादी खालून मळकट राखाडी, गळ्यावर बहुधा लालसर ठिपका. तीच कुंपणात घरट्यावर बसलीय, आणि तिलाही हा मेला फीडरजवळ फिरकू देत नाही.

बरं, त्याला शिव्या द्याव्यात तर तेही जमत नाही. रुफसची संख्या घटत चाललीय. २०१८ पासून तो संकटाच्या उंबरठ्यावरच्या पक्ष्यांत धरला जातो. एवढ्या लांबून आलेल्या जिवाला हुसकावू कशी? आणि वर्षभर इथे राहिलेल्यांनी उपाशी राहायचं का? यावर एनआरआय-कविता करून पाठवू नकोस, तुला फार खाज असते.

शेवटी काल दुसरा फीडर लावलाच. एकावरून दुसरा दिसता कामा नये, म्हणजे एकाला दोन्हीकडे पहारा जमत नाही. तर हा पठ्ठ्या चेरीच्या शेंड्यावर जाऊन बसला, तिथून दोन्ही दिसतात! जुलैपर्यंत नर डोंगरांच्या वाटेने दक्षिणेला निघतात, पण घरट्यातली पिल्लं तोवर थांबणार आहेत का?

काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना? ईराची ॲडमिशन? वाड्याचं काय ठरलं, ते सविस्तर कळव.

पानामागे अंगणाचा नकाशा काढलाय. चेरीचं झाड गोल करून ठेवलंय. तिसरा फीडर कुठे टांगू, फुली मारून फोटो पाठव. आजच.

तुझी,
मंजी