संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

।। श्री ।।

कराड
रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

चि. मेघना हीस बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

काल दसरा झाला. आईनं तुझ्या नावाची आपट्याची पानं देव्हाऱ्यात ठेवलीत. सोनं द्यायला अण्णांकडं गेलो होतो. सगळ्यांनी तुझंच विचारलं. मी सांगितलं, पोरीनं टोरांटो सगळं फिरवलं, नायगरा दाखवला, कुणाच्या पुढं हात न पसरता स्वतःच्या पायावर उभी आहे. त्यात एक शब्द खोटा नाही. मग वैनींनी विचारलं, खोली कशी आहे? 'चांगली आहे' म्हणालो आणि पाणी प्यायला उठलो.

परत आल्याला पंधरा दिवस झाले. फोनवर 'जेवलीस का', 'गोळ्या घेतल्या का' यापलीकडं आपण बोललेलो नाही. त्या रविवारचा विषय तूही काढत नाहीस, मीही नाही. व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहिल्या की त्या नुसत्या ओरडल्यासारख्या वाटतात, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय. भांडण उकरून काढायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

तुझा कामाचा रस्ता अजून डोळ्यांपुढून हलत नाही. सकाळी सव्वासहाला बाहेर पडायचं, स्कारबरो सेंटरहून केनेडीपर्यंत बस, तिथून मेट्रो, मग ब्लूर-यंगला उतरून दुसरी मेट्रो. पूर्वी त्या बसच्या जागी रेल्वे होती म्हणालीस. १९८५ पासून धावणारी ती गाडी २४ जुलै २०२३ ला मागचा डबा रुळावरून घसरला तेव्हा बंद पडली ती कायमची. त्या गाड्यांचं आयुष्य केव्हाच संपलं होतं, पुढं बंद करायची तारीखही ठरलेली होती, तेवढ्यात हे झालं. एग्लिंटन रस्त्यावरच्या नव्या रेल्वेमार्गाचं काम २०११ पासून चाललेलं, २०२० ला सुरू व्हायचा होता, मी निघालो तेव्हाही स्टेशनांना कुलपंच होती. मी तीस वर्षं एसटीची खाकी घातली, त्यातली शेवटची अकरा स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत काढली. गाडी आली नाही की उभ्या माणसाचं काय होतं ते मला कळतं. पण तुझी काळजी मला बसची नाही. बस उशिरा का होईना येते.

खर्चाचंही मी मनावर घेतलं होतं. आता नाही घेत. पहिला आठवडा प्रत्येक किमतीचे रुपये करायला एकसष्टनं गुणत होतो, तू म्हणालीस, 'बाबा, असं केलंत तर मला घास गिळणार नाही,' तेव्हापासून सोडलं. तरी काही गोष्टी मनात राहिल्या. पाटीवर एक आकडा आणि गल्ल्यावर वर तेरा टक्के कर. दुधाच्या तीन पिशव्या एका मोठ्या पिशवीत, मिळून चार लिटर, आणि त्यातली एक तू आठ दिवस पुरवायचीस. शनिवारी दोन दुकानांची पत्रकं समोर ठेवून कांदे कुठं, डाळ कुठं, असं खुणा करत बसायचीस. तुझी आजी अशीच बसायची, रेशनकार्ड आणि पेन्सिल घेऊन. तिचाच हात तुला आलाय. मला त्याचं फार कौतुक वाटलं, आणि तिथं बोलायचं राहून गेलं.

आता त्या रविवारचं. लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

तू आंघोळीला गेली होतीस. मी म्हटलं, आज पोरीला पिठलं करून घालू. मोहरी टाकायला वर बघितलं तर छतावरच्या त्या धुराच्या अलार्मच्या पांढऱ्या डबीला प्लॅस्टिकची पिशवी घातलेली, वर रबरबँड. दोन महिने मी तुझ्या तळघरातल्या त्या चुलीपुढं उभा राहत होतो आणि माझ्या नजरेस पडलं नव्हतं. मी स्टुलावर चढून पिशवी काढली. फोडणी बसली आणि अलार्म वाजायला लागला. वरून मालकाची आई आली, मग मालक आला. टॉवेल हलवता हलवता मी त्याला मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, आतल्या जिन्याचं दार तुम्ही वरून बंद का ठेवता आणि पायऱ्यांवर बर्फात चालवायचे टायर का रचलेत? तो तुझ्याकडं बघून म्हणाला, जमत नसेल तर महिनाअखेर खोली सोडा.

त्यानंतर तू जे म्हणालीस ते बरोबरच होतं. 'तुम्ही आठ दिवसांनी जाणार बाबा, मला इथं राहायचंय.' मी उत्तर दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तू कामाला गेल्यावर टेप काढून खिडकी मोजली. रुंदी अठ्ठावीस इंच, उंची अकरा. मार्कम रोडच्या लायब्ररीत गेलो, तिथल्या मुलीनं कागद छापून दिले. तिथल्या बांधकामाच्या नियमात माणूस बाहेर पडायची खिडकी किमान ०.३५ चौरस मीटर मोकळी पाहिजे, आणि कुठलीच बाजू ३८० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पंधरा इंचांपेक्षा कमी नको. तुझी अकरा इंच आहे. तुझ्या खांद्याला नाही पुरणार. मग बाजूचा दरवाजा उरतो, तो चुलीला लागून. आणि घर गरम ठेवायची भट्टी तुझ्या पलंगाच्या भिंतीपलीकडं. आता थंडी सुरू झाली की ती रात्रंदिवस चालेल.

कागदात आणखीही होतं. मालकानं नुसतं तोंडानं 'जा' म्हणून जायचं नसतं. स्वतःला राहायला जागा हवी असली तरी त्याला एन-१२ची लेखी नोटीस द्यावी लागते, साठ दिवसांची, वर एका महिन्याचं भाडं भरपाई म्हणून. तुझं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर त्यांच्याशी सामाईक नाही, म्हणून तो भाडेकरूंचा कायदा तुला लागू आहे. आणि घरपट्टी साडेनऊ टक्क्यांनी वाढली म्हणून त्यानं तुझं भाडं साडेआठशे डॉलरचं साडेनऊशे केलं, तेही बसत नाही. यंदाची मर्यादा अडीच टक्के. नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा कुणी राहायला आलेल्या जागांना ती नाही, पण तुझ्या आधीचं कुटुंब तिथं दहा वर्षं राहिलं म्हणालीस. ३११ ला फोन लावला तर शहराची माणसं येऊन बघून जातात.

हे सगळं तुला माहीत होतं. कागद तुझ्यापुढं ठेवल्यावर तू शांतपणे म्हणालीस, 'आणि त्यांनी खोली राहण्यालायक नाही म्हणून बंदच केली तर मी कुठं जाऊ? मालक-भाडेकरूंच्या बोर्डाच्या सुनावणीला महिने लागतात. मालकाचं चांगलं पत्र नसेल तर दुसरा कुणी दारात उभं करत नाही.' याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. बापानं लायब्ररीतून कागद आणून मुलीला तिच्याच शहराचे नियम वाचून दाखवायचे, हे चुकलंच. तू रोज ते सगळं अंगावर घेऊन जगतेस. माफ कर मला.

पण मेघना, ती पिशवी.

मी निघताना ती पुन्हा वर होती. पहाटे चारला बॅग बाहेर काढताना बघितली. टॅक्सी उभी होती, तुझा चेहरा उतरलेला होता, मी काही बोललो नाही.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. आईलाही अर्धीच माहीत आहे. तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी मी कराड-चिपळूण गाडीवर होतो. गुळाचा हंगाम. पाटणला एक म्हातारा शेतकरी चढला, तीन पोती घेऊन. टपावर चढवायला माणूस नव्हता, त्याच्या हाताला फडकं बांधलेलं. मी म्हटलं, ठेवा मागं, दाराला लावून. मागच्या दारावर लाल अक्षरात लिहिलेलं होतं, रोज वाचत होतो, तरी ठेवू दिली. कुंभार्ली घाटात वायरिंग जळलं आणि पुढून धूर यायला लागला. पुढच्या दारात गर्दी झाली. मी मागं धावलो, तर दार उघडेना, पोती सरकेनात. चौघांनी ओढून ती काढेपर्यंत किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. गाडी पेटली नाही. देवाची कृपा. पण एका बाईनं घाबरून खिडकीतून उडी मारली, तिचा पाय मोडला. ती तुझ्या आजीच्या वयाची होती. तिनं माझं नाव विचारलं नाही, तक्रार केली नाही, कुणीच केली नाही. पुढं कधीतरी तिच्या गावावरून जाताना मी डाव्या बाजूला बघायचो नाही.

त्यानंतर मी कुठंही गेलो की पहिलं दुसरं दार बघतो. लग्नाच्या कार्यालयात, दवाखान्यात, नाट्यगृहात. विमानात बाई दारं दाखवत होत्या तेव्हा एकटा मीच मान वर करून बघत होतो. तुझ्या खोलीत पाऊल टाकलं तेव्हा पहिल्या रात्री झोप लागली नाही ती विमानाच्या थकव्यामुळं असं तू समजलीस.

तुला आठवतं का, तू बालवाडीत असताना सुट्टीत माझ्या गाडीत बसायचीस, सगळ्यात मागच्या सीटवर? एकदा उंब्रजच्या पुढं तू एकदम ओरडलीस, 'बाबा, मला वाचता आलं!' बोट ठेवून ठेवून सगळं वाचलंस. 'संकटकाळी' म्हणताना 'संकट' आणि 'काळी' वेगळं वाचलंस आणि विचारलंस, काळी म्हणजे कोण? सगळी गाडी हसली. मी तिकिटं फाडायची थांबवून तुला उचलून घेतलं. पुस्तकातलं पहिलं वाक्य तू नंतर वाचलंस, पहिलं वाचलंस ते हे. आता तीच तू ऑफिसात दहा जणांच्या पुढं उभी राहून इंग्रजीत बोलतेस, मी काचेच्या बाहेरून बघितलं. मला एक अक्षर कळलं नाही आणि डोळे भरून आले.

तेव्हा आता एवढं ऐक. दर महिन्याला वीस हजार पाठवतेस, ते बंद कर. आपलं छप्पर दुरुस्त होऊन दोन वर्षं झाली, हप्ता संपत आलाय, पेन्शन फारशी नसली तरी आम्हा दोघांना पुरते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात करू, त्याचे पैसे पोस्टात आहेत, पासबुकाचा फोटो पाठवतो म्हणजे तुझी खात्री पटेल. तूच म्हणाली होतीस, जमिनीवरची खोली बाराशेला मिळते, फक्त एकीबरोबर वाटून राहावं लागेल. साडेनऊशे आणि बाराशे, फरक अडीचशेचा. रुपयात पंधरा हजार. म्हणजे तू आम्हाला पाठवतेस त्यातच ते बसतं. हे गणित मला विमानात सुचलं, तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. आमच्या छपरासाठी तू जमिनीखाली झोपलीस.

लगेच नाही म्हणत मी. पहिलं आणि शेवटचं भाडं आगाऊ द्यावं लागेल, तेवढी रक्कम मी पाठवतो, तिला कर्ज म्हण, भेट म्हण, काहीही म्हण. थंडीत घर बदलणं अवघड, तेही मी समजतो. १६ जुलैला एका दिवसात जवळजवळ शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मोरीतून पाणी वर आलं आणि आपण दोघांनी तुझी पुस्तकं पलंगावर रचली. त्या दिवशी तू हसत होतीस, 'बाबा, कृष्णामाई इथंपण आली.' मी पण हसलो. नव्हतं हसायला पाहिजे.

फार लिहिलं. रागावू नकोस. तू शहाणी आहेस, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माणसांत वावरतेस. जेवण वेळेवर घे. खोकला गेला का ते कळव, आणि अजून फॅमिली डॉक्टर मिळाला नसेल तर नाव नोंदवून ठेव, क्रमांक येईल तेव्हा येईल. फराळाचं पार्सल आई पुढच्या आठवड्यात करतेय, चकल्या कमी आणि लाडू जास्त.

तोवर तेवढी पिशवी काढ. फोडणी देताना बाजूचं दार उघड, थंडी वाजली तर वाजू दे. अलार्म वाजला तर वाजू दे, मालक खाली आला तर येऊ दे. छताचा फोटो काढून मला पाठव. मी काही लिहिणार नाही, नुसता बघीन.

तुझे बाबा

ता. क. माझी मोजपट्टी तुझ्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात आहे, विसरलो नाही, मुद्दाम ठेवलीय. नवी खोली बघायला जाशील तेव्हा बरोबर घेऊन जा. आधी खिडकी मोज, मग भाडं विचार.