दुधाच्या चिठ्ठीवर फॅट असतं, खारीच्या पिशवीवर का नाही?

प्रति,
मा. मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातला शेतकरी. थोडा ऊस आहे, दोन संकरित गाई आहेत. सकाळी डेअरीत दूध घातलं की मशीनमधून चिठ्ठी निघते: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), दर. गाईच्या दुधाला फॅट साडेतीन, एसएनएफ साडेआठ लागतं हे आमच्याकडं शाळेतलं पोरगंही सांगेल. फॅटचा एक पॉइंट घसरला की दर घसरला. उसाचंही तसंच, कारखान्याच्या उताऱ्यावरून (उसातून किती टक्के साखर निघाली त्यावरून) आम्ही दशांशासाठी भांडतो. म्हणजे आम्ही विकतो त्या मालात साखर किती, फॅट किती, हे मोजल्याशिवाय आम्हाला पैसा मिळत नाही. आम्ही विकत घेतो त्यात किती, एवढंच विचारायला हे पत्र.

माझ्या आईला बरीच वर्षं शुगर आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी साखर बंद सांगितली, तर तिनं चहातली साखर त्याच दिवशी सोडली. टोस्ट मात्र सोडला नाही. सकाळी तीन, दुपारी दोन. 'टोस्टात कुठं गोड असतंय? आजाऱ्याला देत्यात की ते,' असं तिचं म्हणणं. आता यावर काय बोलणार? मिरजेला दवाखान्यात कुणाला बघायला जायचं तर आपणच टोस्ट-बिस्किटाचा पुडा घेऊन जातो. घरात कुणाला ताप आला की भाकरी बंद आणि दूध-ब्रेड सुरू.

मी एका मोठ्या कंपनीचा पुडा आणला, चष्मा लावला आणि मागची बाजू वाचून दाखवली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असा नियम आहे. पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल. आई जरा गप्प बसली. मग म्हणाली, 'हे कंपनीचं झालं. आपण गावातल्या बेकरीचा आणतोय.'

म्हणून गावातल्या पिशव्या काढल्या. एक टोस्टची, एक खारीची. दोन्हींवर पोषणमूल्यांचा तक्ता होता, हे बघून बरं वाटलं. मग लक्षात आलं, दोन्ही तक्ते अक्षर न अक्षर सारखे! गोड टोस्ट आणि खारट खारी, पण साखर तेवढीच, फॅट तेवढंच. पिशव्या छापून तयार मिळतात, बेकरीवाला त्यात जे असेल ते भरतो. बेकरीचं नाव घेत नाही. माणूस पहाटे तीनला भट्टी पेटवतो, त्याच्याशी माझं वैर नाही आणि हा प्रकार त्याच्या एकट्याचाही नाही.

2020 च्या लेबलिंग नियमांनुसार पाकिटावर ऊर्जा, प्रथिनं, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण फॅट, संपृक्त (सॅच्युरेटेड) फॅट, ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारं, हृदयाला वाईट), सोडियम (म्हणजे मिठातलं) हे सगळं यायला हवं. दिवसभराच्या 2000 कॅलरींना 67 ग्रॅम फॅट, त्यातलं संपृक्त 22 ग्रॅम, वरची साखर 50 ग्रॅम, सोडियम 2000 मिलिग्रॅम, असं मापही त्याच नियमांत आहे. पुड्याच्या पुढच्या बाजूला तारे छापायचे की ठळक इशारा, हा वाद 2022 पासून दिल्लीत चालू आहे, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलाय. चालू द्या. आमच्या पिशवीला अजून मागची बाजूच धड नाही.

खारीचा हिशेब मी स्वतः मांडून बघितला. समजा दहा किलो मैद्याला पाच किलो मार्गारीन (तेलापासून केलेलं, लोण्यासारखं घट्ट). मार्गारीनमध्ये 80 टक्के फॅट धरलं तर ते झालं चार किलो. भट्टीत पाणी उडून गेल्यावर खारी उरते साधारण साडेतेरा किलो. म्हणजे 100 ग्रॅमला 30 ग्रॅमच्या आसपास फॅट. आमच्या गाईला एवढं फॅट लागलं असतं तर मी आज बंगल्यात असतो.

यातलं ट्रान्स फॅट आता कमी झालंय, त्याचं श्रेय सरकारला द्यायलाच हवं. 1 जानेवारी 2022 पासून एकूण तेल-तुपाच्या 2 टक्क्यांपेक्षा जास्त ट्रान्स फॅट चालत नाही. पण वनस्पती तूप, मार्गारीन घट्ट राहायला काहीतरी लागतंच, आणि ते काम बहुतेक पामतेलावर, त्यातून वेगळ्या काढलेल्या घट्ट भागावर चालतं. पामतेलातलं जवळजवळ निम्मं फॅट संपृक्त. त्या हिशेबानं 100 ग्रॅम खारीत 15 ग्रॅम, दिवसाच्या 22 मधले. त्याला कसली मर्यादा नाही, आणि पिशवीवर खरा आकडाही नाही. मिठाचं तर कुणी बोलतच नाही. बीपीचा माणूस लोणचं-पापड सोडतो आणि चहाबरोबर जिच्या नावातच खार आहे ती खातो.

बरं, ही झाली पिशवीतली. काचेच्या बरणीतली आणि ट्रेमधली सुटी खारी, नानकटाई, क्रीमरोल यांना तक्ता नसतोच. तिथं मला मिठाईची आठवण होते. 1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवर 'कधीपर्यंत खावी' ती तारीख लावणं सक्तीचं झालं. पेढ्यापुढं पाटी लागू शकते तर खारीपुढं का नाही? शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त फॅट, साखर, मिठाचे पदार्थ विकू नयेत, असाही 2020 चाच नियम आहे. क्रीमरोलवर आकडाच नसेल तर तो या नियमात बसतो की नाही हे मास्तर कशावरून ठरवणार?

नियम दिल्लीचे, पण अंमलबजावणी तुमच्या खात्याची. दिवाळी आली की खव्यावर छापे पडतात, पेपरात फोटो येतात. बेकरीवर तसे छापे नकोत. त्यानं बेकरीवाला घाबरेल, 'साहेबांना भेटून' येईल आणि पिशवी तीच राहील. त्यापेक्षा तालुक्याला एक दिवस बेकरीवाल्यांना बोलवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढलेत. मैदा किती, साखर किती, मार्गारीन किती एवढं त्यांनी सांगितलं की तुमचा माणूस तिथंच कागदावर तक्ता करून देईल. मी चष्मा लावून केलाच की. नंतर वर्षातून एकदा नमुना उचलून प्रयोगशाळेत ताडून बघा. सुट्या मालाच्या ट्रेपुढं तीनच गोष्टींची पाटी लावायला सांगा: वापरलं काय (तूप, लोणी, वनस्पती की मार्गारीन), 100 ग्रॅमला फॅट किती आणि साखर किती. अशी पाटी सक्तीची करायला दिल्लीला लिहावं लागत असेल तर तेही तुम्हीच लिहा, आमचं पत्र तिथं कोण वाचतंय.

आईनं टोस्ट पाचावरून दोनावर आणलाय. आकडा बघून नाही, मी रोज कटकट करतो म्हणून.

सोबत आज सकाळची डेअरीची चिठ्ठी जोडली आहे. फॅट 3.8, एसएनएफ 8.5.

आपला,
एक दूध उत्पादक, ता. वाळवा, जि. सांगली