'डिझेल जीपसाठी खास' डिस्क ब्रेक किट आणि कुठूनच न येणारा व्हॅक्यूम

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक विभाग आणि ग्राहक सेवा
(दोन्ही वेगळे असतील तर दोघांनीही वाचावं)

विषय: माझ्या महिंद्रा सीजे ३४० डीपी जीपसाठी घेतलेलं पुढच्या चाकांचं डिस्क ब्रेक किट, बूस्टर (व्हॅक्यूमच्या मदतीने पॅडलचा जोर वाढवणारा) आणि टँडम मास्टर सिलिंडरसह, रु. ३८,५००. दुरुस्त माल किंवा पूर्ण परतावा.

आज दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी तुमच्या माणसाने माझा फोन मध्येच ठेवला. हा नववा फोन होता. दहावा करणार नाही, म्हणून हे पत्र.

गाडी कोणती हे तुम्हाला माहीत आहे, कारण तुमच्याच बिलावर ते छापलंय: 'सीजे ३४०, प्यूजो डिझेल'. एक्सडीपी ४.९०, म्हणजे चार सिलिंडर, ९० मिमी बोअर, ८३ मिमी स्ट्रोक, २११२ सीसी. ब्रेक पॅडल जमिनीतून येतं, मास्टर सिलिंडर (पॅडलच्या जोराने ब्रेक ऑइल ढकलणारा) फ्लोअरच्या खाली चासीला. या दोन गोष्टी, डिझेल इंजिन आणि खाली बसलेला मास्टर सिलिंडर, लक्षात ठेवा. तुमच्या किटने नेमक्या याच दोन विसरल्या आहेत.

जाहिरातीत 'बोल्ट-ऑन, कटिंग नाही, वेल्डिंग नाही, चार तासांत काम' असं लिहिलंय. कटिंग नाही हे खरं आहे. बसतच नाही तर कापायचं काय?

कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) ब्रॅकेट जुन्या ड्रमच्या बॅकिंग प्लेटच्या जागी, स्पिंडलच्या सहा बोल्टांवर बसतो. डाव्या बाजूची सहाही भोकं जुळली. उजव्याची चार जुळली, दोन दीड मिमी सरकलेली. तिसऱ्या फोनवर मला 'कानसीने भोक थोडं लांबवा' असं सांगण्यात आलं. ब्रेक मारल्यावर कॅलिपरचा सगळा पीळ त्याच सहा बोल्टांवर येतो. तिथे लंबगोल भोक करून द्यायला उद्यमनगरातला एकही टर्नर तयार होणार नाही, पैसे जास्त दिले तरी. शिवाय जुनी बॅकिंग प्लेट पत्र्याची होती, तुमचा ब्रॅकेट १० मिमी जाड आहे. म्हणजे बोल्ट तेवढे लांब हवेत. किटमध्ये बोल्टच नाहीत. जुने लावले तर जेमतेम चार आटे पकडतात. बोल्टाच्या व्यासाइतके तरी आटे पकडायला हवेत हे आयटीआयच्या पहिल्या वर्षात शिकवतात. लांब हाय-टेन्साइल बोल्ट मी बाजारातून आणले. त्याचं बिल सोबत जोडतो, रक्कम लहान आहे पण सोडणार नाही.

मग होज. या गाडीची ब्रेकची नळी ३/१६ इंची, टोकाला डबल फ्लेअर (दुहेरी दुमडून पसरवलेलं तोंड), नट ३/८ इंच आणि इंचाला २४ आटे. तुमच्या होजचं तोंड एम १०, १ मिमी पिच, आत बबल फ्लेअरची (बुडबुड्यासारख्या फुगवलेल्या तोंडाची) बैठक. तुमच्यापैकी कुणी हे दोन एकमेकांत घालून बघितले आहेत का? ३/८ म्हणजे साडेनऊ मिमी. त्यामुळे जुना नट एम १० च्या तोंडात हाताने लोण्यासारखा आत जातो, दोन-तीन फेऱ्या पकडल्याचं नाटक करतो आणि पान्याने आवळला की आटे घेऊन बाहेर येतो. सावकाश पॅडल दाबलं तर गळत नाही, हीच यातली खरी भीती. आंबा घाटातून साखरप्याकडे उतरताना पुढे ट्रक थांबला आणि पॅडलवर पूर्ण पाय पडला, की तेव्हा सुटणार.

यावर तुमचा तांत्रिक सल्ला: 'टेफ्लॉन टेप गुंडाळा, सर.' नळाला टेप लावतात. ब्रेकचं सील आट्यांवर होत नाही, फ्लेअरच्या बैठकीवर होतं. टेप आत सुटली की तिचे तुकडे मास्टर सिलिंडरच्या बारीक छिद्रात जाऊन बसतात. दोन्ही नळ्यांची टोकं कापून नवे एम १० नट ओवले, बबल फ्लेअर मारला, तेव्हा काम झालं. फ्लेअरिंग टूल भाड्याने आणावं लागलं. 'कटिंग नाही' म्हणे.

आता मास्टर सिलिंडर. तो कॅलिपरच्या खाली असल्यामुळे गाडी उभी राहिली की ब्रेक ऑइल मागे उतरतं आणि पुढचं पहिलं पॅडल रिकामं जातं. म्हणून डिस्कच्या लाइनमध्ये २ पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (नळीत थोडा दाब अडवून धरणारा) लागतो. मागे ड्रम आहेत, त्यांना १० पीएसआयचा, कारण तिथे व्हील सिलिंडरच्या रबरी कपांना बाहेरच्या दिशेने थोडा दाब टिकवावा लागतो. तुमच्या खोक्यात दोन व्हॉल्व्ह आले. दोन्ही लाल. दोन्हींवर १० कोरलेलं.

परिणाम सांगतो. पाच किलोमीटर चालवून थांबलं की पुढच्या डिस्कवर पाणी शिंपडा, चर्र आवाज येतो. चाक जॅकवर उचललं तर हाताने अर्धी फेरीही फिरत नाही. पुशरॉडला १ मिमी मोकळीक होती, त्यामुळे मास्टर सिलिंडरमधलं ऑइल परत जाण्याचं पोर्ट झाकलेलं नव्हतं. तरीही खात्री केली. व्हॉल्व्ह आणि मास्टर सिलिंडर यांच्यामधला नट सैल केला, चाक तसंच अडकलेलं. व्हॉल्व्हच्या पुढचा, कॅलिपरकडचा नट सैल केला, दोन थेंब आले आणि चाक मोकळं. दोष कुठे आहे हे याहून स्पष्ट कसं दाखवणार? तुमच्या कॅलिपरचा पिस्टन ५४ मिमीचा आहे. त्यावर १० पीएसआय म्हणजे साधारण सोळा किलोचा दाब, पाय पॅडलवर नसतानाही, कायम. पॅड हजार किलोमीटरसुद्धा टिकणार नाहीत आणि हबमधलं ग्रीस वितळून ऑइल सीलमधून बाहेर येईल ते वेगळंच. 'नवीन पॅड आहेत, सेट होतील' हे चौथ्या आणि सहाव्या, अशा दोन्ही फोनवर ऐकलं.

एवढ्यावर मी कदाचित गप्प बसलो असतो. पत्र लिहायला लावलं ते आजच्या फोनने, म्हणून तो पूर्ण लिहितो.

प्रश्न एकच होता. किटमध्ये व्हॅक्यूम बूस्टर आहे, व्हॅक्यूम पंप नाही. व्हॅक्यूम कुठून घ्यायचा?

'सर, इनटेक मॅनिफोल्डला भोक मारून निपल बसवा, तिथून होज घ्या.'

मी म्हटलं, गाडी डिझेल आहे, इनटेकला थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) नाही, तिथे व्हॅक्यूम तयार होत नाही.

'सर, थ्रॉटल सगळ्या गाड्यांना असतो. नाहीतर ॲक्सिलरेटरची केबल कुठे जाते?'

डिझेल पंपाकडे, असं मी सांगितलं. पलीकडे कीबोर्डचा आवाज आला. बराच वेळ. मग उत्तर: 'सर, मग ॲक्सिलरेटर थोडा दाबून ठेवा, म्हणजे व्हॅक्यूम वाढेल.'

हे पेट्रोल गाडीलासुद्धा चूक आहे. थ्रॉटल उघडला की व्हॅक्यूम कमी होतो. म्हणजे तुमचा माणूस ज्या गाडीबद्दल बोलत होता ती माझी नव्हती, आणि जी होती तीही त्याला माहीत नव्हती. तरीही तुमच्या समाधानासाठी कळवतो: एअर क्लीनरच्या नळीला गेज लावून आयडलला आणि रेस करूनही पाहिलं. काटा शून्यावर. थोडा हलतो, पण तो इंजिनाच्या थरथरीने, कारण गेज हातात धरला की तेवढाही हलत नाही.

मग 'सीनियर टेक्निशियन'. त्यांच्यासाठी अकरा मिनिटं सनईचं संगीत. लग्न लागून वरात निघाली असती. सीनियर आले आणि पहिलं वाक्य: 'गाडी डिझेल आहे का? मग तुम्ही किट चुकीचं मागवलंत.' बिलावर डिझेल छापलंय, खोक्यावर डिझेल छापलंय, जाहिरातीत 'डिझेल जीपसाठी खास' आहे. हे तिन्ही वाचून दाखवलं. त्यावर: 'हे बघा, असली कामं घरी करायची नसतात. चांगल्या मेकॅनिककडे द्या.' आणि फोन बंद.

घरी करायची नसतात? ज्याला दोन्ही नळ्यांचे फ्लेअर घरी मारावे लागले, तुमच्या व्हॉल्व्हमधला दोष दोन नटांत शोधून काढावा लागला, त्याला हे कोण सांगतंय, तर डिझेलच्या मॅनिफोल्डला भोक मारा म्हणणारी कंपनी!

उत्तर मीच लिहून देतो, पुढच्या ग्राहकाला वाचून दाखवा. मागच्या बाजूला व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर बसवायचा. त्याला इंजिनाच्या ऑइल गॅलरीतून बारीक नळीने ऑइल द्यायचं आणि परतीची नळी जाड, सरळ उतरती, इंजिनाच्या तळाच्या सम्पमध्ये सोडायची. परतीची नळी बारीक किंवा मध्ये चढ असलेली ठेवली तर पंपात ऑइल तुंबतं आणि आतली पाती मोडतात. बूस्टरच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि मधला होज व्हॅक्यूमने न चेपणारा. डिझेल पाइपचा तुकडा नको, गरम झाला की तो आतून चिकटतो. हे सामान खोक्यात नसेल तर निदान 'पंप वेगळा घ्यावा' एवढी एक ओळ तरी छापा. बूस्टरशिवाय चालवा म्हणाल तर तेही जमत नाही. ड्रमचा शू चाकाच्या फिरण्याने स्वतःच ड्रमवर आवळला जातो, डिस्कच्या पॅडला ती मदत नाही, सगळा जोर पायाने द्यायचा. व्हॅक्यूम नसलेल्या बूस्टरसह तुमचे डिस्क ब्रेक जुन्या ड्रमपेक्षा वाईट लागतात. पॅडल पाट्यावर पाय ठेवल्यासारखं. ड्रममध्ये निदान ओढ्यातून बाहेर आल्यावर चार वेळा पॅडल मारलं की पाणी तरी सुकायचं.

आणि पुन्हा सांगतो, कारण तुमच्याकडे हे नोंदलं जात नाही असं दिसतं: डिझेलच्या इनटेकला व्हॅक्यूम नसतो.

'आरटीओ मान्य' हा शब्दही जाहिरातीत आहे. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ गाडीत बदल करण्याबद्दल काय म्हणतं ते वाचून मी या मान्यतेचं प्रमाणपत्र मागितलं. गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय संस्था पुण्यातच आहे, चाचणी झाली असेल तर कागद असणार. मला मेलवर तुमचं जीएसटी नोंदणीचं प्रमाणपत्र आलं. ते व्यवस्थित आहे, धन्यवाद.

एक छोटी गोष्ट राहिली. दोन्ही कॅलिपरवर ओतीव अक्षरं होती, ती ग्राइंडरने घासून वर काळा रंग मारलाय. ग्राइंडरच्या रेघा रंगातून दिसतात. कुणाचे कॅलिपर आहेत ते सांगितलं असतंत तर सील किट आणि पॅड कुठून आणायचे ते तरी कळलं असतं. जुनी जीप लोक वीस-वीस वर्षं ठेवतात. तुमचं किट त्यातलं एक वर्ष धरून ठेवतं का, हे मला आता पाहायचंही नाही.

मागणी: उजवा ब्रॅकेट बदलून, योग्य लांबीचे बारा बोल्ट, ३/८ आट्यांचे होज, एक २ पीएसआयचा व्हॉल्व्ह, नळ्या, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि होजसह व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर, आणि कॅलिपर मूळ कोणत्या गाडीचा ते लेखी. नाहीतर रु. ३८,५००, बोल्टांचं बिल आणि फ्लेअरिंग टूलचं भाडं. पंधरा दिवस. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात तक्रार जाईल. ती मी राहतो तिथेच, म्हणजे कोल्हापुरात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. सदोष मालाने इजा झाली तर त्याच कायद्यात उत्पादन दायित्वाचं वेगळं प्रकरण आहे, ते तुमच्या वकिलांनी वाचून ठेवावं. गाडी तोवर ठोकळ्यांवर उभी आहे.

आपला,
(नाव आणि ऑर्डर क्रमांक बिलावर आहे, नऊ वेळा सांगितलाय)

ता. क. किट परत न्यायला माणूस पाठवलात तर सगळं मिळेल, फक्त सोबत आलेलं 'ऑफ-रोड किंग'चं स्टिकर मिळणार नाही. ते बूस्टरवर चिकटवलंय. आयोगात द्यायच्या फोटोत कंपनीचं नाव नीट यायला हवं.